मागच्या ओळीत का होईना, बस

प्रिय पोरी,

परवा हुतात्मा स्मृती मंदिराच्या पायऱ्यांवर तू मोबाईल पुढे केलास. मालिकेत नणंदेचं काम, तेही खाष्ट. खाली चार दिवस अर्धवट पडलेलं तुझं उत्तर, ‘थोडा वेळ द्याल का’. चहावर साय धरली तरी तुझा अंगठा तिथून हलेना. म्हणे, ‘मावशी, एकदा नणंद केली की नायिका संपली.’ कोण शिकवतं गं हे तुम्हाला?

सिनेमातल्या शशिकला आपल्या सोलापूरच्या. जन्म 1932 चा, माहेर जवळकरांचं. वडिलांचा धंदा बसला, घर मुंबईला गेलं आणि ही पोर स्टुडिओचे उंबरे झिजवायला लागली. 1945 च्या ‘झीनत’मध्ये मिळालं काय? कव्वालीला बसलेल्या बायकांत एक जागा. बसल्या. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, मधे कोण बसणार?

जागा मिळाली की बसायचं. मागच्या ओळीत का होईना, बस.

‘सुजाता’मधली त्यांची गोड बहीण किती जणांना आठवते? ‘आरती’तली जळकी जाऊ मात्र आठवते. तिला फिल्मफेअर मिळालं, लगेच पुढचं ‘गुमराह’ला. दोन्ही कामं तू नाक मुरडतेस त्याच जातीची. शिक्का बसला, कबूल. पण टीव्हीवरच्या ‘सोनपरी’च्या वेळी सत्तरीला आल्या होत्या, तरी कॅमेऱ्यासमोर होत्या. 2007 ला पद्मश्री. शिक्क्याला भिऊन घरी बसलेल्यांना कोण विचारतं?

मला कुणी विचारलं नाही. चोवीस वर्षांची होते. पुण्याच्या एका नाटकात मोलकरणीचं काम आलं होतं, दोन प्रवेश, चार वाक्यं. राज्य नाट्य स्पर्धेचं रौप्यपदक घरात ताजं. म्हटलं, पदकवाली बाई कपबशा उचलणार? रात्रीच्या गाडीनं परत आले. सगळ्यांना सांगितलं, आईचा दमा वाढलाय. दमा होता, खोटं नाही. पण त्या आठवड्यात आई ठणठणीत होती, शेंगा भाजत होती.

नंतर बँक लागली, बरंच झालं म्हणायचं. पेन्शन आहे. इथं तीस वर्षं मुलांची नाटकं बसवली, तेही काही कमी नाही. कमी आहे का? मुंबईला जाऊन तरी काय दिवे लावले असते? असो. हे तुला कशाला सांगायलेय मी!

तू बस. नणंद तर नणंद. तिचा राग कशावर आहे ते शोध, खाष्टपणा आपोआप येईल. डोळे मोठे करून ओरडू नकोस, सगळ्या तेच करतात. पैसे आधी ठरव, लेखी घे. आणि ते अर्धवट उत्तर पुस, ‘येते’ एवढंच लिही.

आमच्या नव्या नाटकात म्हातारीचं दोन मिनिटांचं काम आहे. दिग्दर्शक पोरगं मला विचारायला लाजायलंय. रविवारी तालमीला मीच जाऊन सांगणार आहे.

तुझी,
मावशी