जुन्या माझदा एमएक्स-५ चे गिअर जड पडत असतील, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावे?

आपण लिहिले आहे की काकांनी इंग्लंडहून परतताना आणलेली १९९२ सालची एमएक्स-५ ही माझदाची छोटी, उघड्या टपाची दोन आसनी गाडी आता आपल्याकडे आली आहे, पहिला आणि दुसरा गिअर टाकताना हाताला फार जोर द्यावा लागतो, आणि गॅरेजवाल्याने गाडी पाहताक्षणीच ‘बॉक्स उतरवावा लागेल’ असे सांगितले. त्याला एवढ्यात होकार देऊ नये. माझ्याकडे याच पिढीची गाडी आहे. अंधेरीच्या एका गॅरेजने मलाही हेच ऐकवले होते आणि शेवटी दोष निघाला तो एका फाटक्या रबरात.

आधी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. इंजिन बंद असताना ते सहज पडत असतील आणि चालू केल्यावरच अडत असतील, तर दोष गिअरबॉक्सचा नसून क्लच पूर्ण सुटत नसण्याचा आहे. खात्रीसाठी इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही ‘कर्र’ असा आवाज आला, तर शंका उरत नाही. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे आणि त्याचा खालचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलने ढकललेल्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर, हे तिचे जुने दुखणे आहे. त्याची रबरी टोपी किंचित उचलून पाहावी; आत ओल दिसली तर सील गेले आहे. क्लचमध्ये ब्रेकचेच तेल असते आणि ते हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षे न बदललेले तेल काळे पडून सिलिंडर आतून गंजवते. सिलिंडर बदलून, नवे डॉट ४ प्रतीचे ब्रेकचे तेल भरून, एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने सिलिंडरवरचे हवा काढायचे निपल उघडायचे अशा रीतीने हवा काढली की काम झाले.

इंजिन बंद असतानाही गिअर जडच पडत असतील, तर मात्र लिव्हरकडे वळावे. बहुतेक मोटारींत गिअरची दांडी केबलने किंवा सळ्यांनी बॉक्सला जोडलेली असते. इथे ती थेट बॉक्सवर बसते आणि तिच्या बुडाशी तेलाची एक छोटीशी स्वतंत्र वाटी असते. वाटीवरचे रबर फाटले की तेल उडते, वाटी कोरडी पडते आणि लिव्हर अडखळू लागते. लिव्हरच्या चामडी कव्हरमधून हाताला गरम वारा लागत असेल, तर रबरे फाटली आहेत असे खुशाल समजावे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून कन्सोल काढा, वरचे मोठे रबर सोडवा आणि लिव्हरचे तीन बोल्ट काढून ती सरळ वर उचला. माझ्या लिव्हरच्या टोकावरची प्लॅस्टिकची टोपी तुकडे होऊन वाटीत पडली होती आणि वाटीत तेलाऐवजी डांबरासारखा चिकट गाळ होता. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज आणून मी तो ओढून काढला, वाटी पुसली, नवी टोपी आणि दोन्ही रबरे बसवली आणि ताजे गिअर ऑइल ओतले. ते शंभर मिलिलिटरसुद्धा लागत नाही. हे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत शोधण्यात मी दोन शनिवार घालवले. आपण तसे न करता ते सरळ बाहेरून मागवावेत.

त्याच दिवशी बॉक्सचे तेलही बदलावे, पण तळाचा बोल्ट सोडण्याआधी तेल भरण्याचा बाजूचा बोल्ट सुटतो याची खात्री करून घ्यावी, नाहीतर रिकामा बॉक्स आणि जाम बोल्ट घेऊन बसावे लागते. पाच गिअरच्या या बॉक्सला सुमारे २ लिटर ७५डब्ल्यू-९० जाडीचे तेल लागते आणि ते जीएल-४ प्रतीचे असावे. आपल्याकडे ‘नव्वद नंबर द्या’ म्हटले की दुकानदार बरेचदा डिफरन्शिअलचे, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचे, जीएल-५ हातात ठेवतो. त्यातली गंधकयुक्त रसायने पितळी सिंक्रो रिंगना, म्हणजे गिअर टाकताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांना, सोसत नाहीत, म्हणून डब्यावरची अक्षरे स्वतः वाचावीत. निघालेले तेल दुधाळ दिसले, तर गाडी कधीतरी मुंबईत पावसात हिंदमाता किंवा मिलन सबवेला तुंबणाऱ्या पाण्यातून गेली आहे असे धरून, नवे तेल थोडे चालवून पुन्हा बदलावे.

एवढे करूनही फक्त दुसरा गिअरच करकरत राहिला, तर त्याची सिंक्रो रिंग झिजली आहे. जुने एसटी चालक करत तसे डबल क्लच करून, म्हणजे मध्ये न्यूट्रलला क्लच एकदा सोडून पुन्हा दाबून, काही काळ निभावता येते. बॉक्स उतरवण्याची वेळ खरोखरच आली, तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्यावे, कारण उतरवण्याची मजुरी दोन्ही वेळा तेवढीच पडते.