एका वेळी एकच गोष्ट बदला: किट लेन्सवर करायचे प्रयोग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वापरलेला डीएसएलआर आणि १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स) घेतली, तीन महिने ऑटोवर फोटो काढताय. घरातले फोटो हलतात, आरतीचे पिवळे पडतात, बाहेर आभाळ पांढरंफटक येतं. आता ५० मिमी लेन्स घ्यावी की क्लास लावावा?

महिनाभर दोन्ही राहू द्या. तुमची अडचण लेन्सची नाही. ऑटोवर कॅमेरा प्रत्येक फोटोला ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), शटर (सेकंदाचा किती भाग प्रकाश आत येतो), आयएसओ (त्या प्रकाशाला किती वाढवायचं) असं सगळंच बदलतो, त्यामुळे फोटो कशानं बिघडला हे कळायला जागाच उरत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं बांधून ठेवायचं. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट टिपून दाखवली होती. चिकाटीची जात तीच, तुम्हाला रोज अर्धा तास पुरेल.

पहिला प्रयोग टेबलावर. खिडकीजवळ तीन वस्तू एकामागे एक ठेवा, दोघींमध्ये वीतभर अंतर. पितळी तांब्या, मिठाची बरणी, काहीही चालेल. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर कॅमेरा ठेवा, २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का निघून जातो. ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचा रंग सावरणं) ऑटोवरून काढून डेलाइटवर, फोकस पॉइंट एकच आणि तो मधल्या वस्तूवर. लेन्स ५५ वर, अंतर १ मीटर. आता एफ ५.६, ८, ११, १६, २२ असे पाच फोटो. ५.६ ला जेमतेम ७ सेंटिमीटरचा पट्टा धारदार येतो, १६ ला तो २० च्या आसपास जातो. मग कॅमेरा २ मीटरवर न्या आणि पुन्हा ५.६ ला काढा: अंतर दुप्पट, पण पट्टा चौपट. मागचं धूसर करायला लोक महागडी लेन्स शोधत बसतात, त्याआधी दोन पावलं पुढे जाऊन पाहावं. २२ चा फोटो पूर्ण मोठा करून पाहिलात तर सगळंच किंचित मऊ दिसेल. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो, त्याला इलाज नाही. म्हणून ११ च्या पुढे कारणाशिवाय जाऊ नका.

आता हललेले फोटो. जुने बिघडलेले फोटो डिलीट केले नसतील तर तेच उघडा. फोटो पुसट येण्याचे तीन प्रकार असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. फ्रेममधलं सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट पण माणूस ओढल्यासारखा पुसट, तर माणूस हलला. माणूस ओढल्यासारखा नाही, नुसताच मऊ, पण त्याच्या मागचा पडदा धारदार, तर काहीच हललेलं नाही, फोकस चुकीच्या जागी बसला. नवशिके तिन्हीला ‘ब्लर’ म्हणतात आणि तिन्हीवर आयएसओ वाढवतात.

स्वतःचा हात किती स्थिर आहे हे मोजता येतं. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, दोन मीटरवर उभे राहा, लेन्स ५५, शटर प्रायॉरिटी (शटर तुम्ही ठरवता, ॲपर्चर कॅमेरा), आयएसओ ऑटो. १/१२५, १/६०, १/३०, १/१५ अशा प्रत्येक वेगाला दहा-दहा फोटो, आधी स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद, मग चालू. कॉम्प्युटरवर बारीक अक्षरं वाचता येतात का ते पाहून दहापैकी किती जमले ते वहीत मांडा. ढोबळ नियम सांगतो की तुमच्या कॅमेऱ्यावर ५५ ला १/८० च्या खाली हातात धरू नये, पण तुमचा आकडा तुमच्या वहीतलाच खरा. स्टॅबिलायझरने दोन-तीन पायऱ्या (एक पायरी म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) खाली उतरता येतं. तो हात सावरतो, समोरचं पोर नाही. बसून बोलणाऱ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्याला १/५०० धरून चाला. ढोलपथकात मात्र १/६० मुद्दाम लावून पाहा. चेहरा क्षणभर थांबलेला सापडला तर टिपरू पंख्यासारखं पसरतं, आणि १/१००० च्या गोठलेल्या फोटोपेक्षा त्यात जास्त आवाज असतो.

आरतीचा हिशोब सोपा आहे. एका ट्यूबच्या खोलीत ५५ ला एफ ५.६ आणि आयएसओ ८०० असेल तर शटर १/८ च्या आसपास येतो, मग टाळ्या वाजवणारे हात पुसले जाणारच. तीच लेन्स १८ वर आणा, तिथे एफ ३.५ मिळतो. आयएसओ ३२०० करा आणि स्वतः पुढे सरका. शटर १/८० पर्यंत येईल. रवा (फोटोतले बारीक दाणे) दिसेल, दिसू द्या. कमी आयएसओवर अंधारा फोटो काढून नंतर उजळलात, तर सावलीत अनेकदा त्याहून वाईट डाग येतात. हेही करून पाहा: एकच दृश्य, एकच ॲपर्चर आणि शटर, एकदा आयएसओ १६०० ला बरोबर, एकदा ४०० ला काढून दोन पायऱ्या उजळलेलं.

फोटोत आडवे काळपट पट्टे येत असतील तर तो कॅमेऱ्याचा दोष नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातील. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथल्या मंडळींनी १/१२० किंवा १/६० ठेवावा.

पिवळेपणाचं मूळ मिसळलेल्या उजेडात आहे. ट्यूब पांढरट-निळी, समई नारिंगी. एकाला सुधारलं की दुसरा बिघडतो. ट्यूब बंद करा, किंवा समईचा उजेड फक्त ज्योतीपुरता आहे असं समजून ट्यूबनुसार व्हाइट बॅलन्स लावा. रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) काढलंत तर रंग नंतर बदलता येतो, त्यासाठी डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पण समईचा पिवळेपणा पूर्ण काढायच्या भानगडीत पडू नका, चेहरे मेल्यासारखे दिसतात.

मीटरचा (कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेचा) प्रयोग बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तोच शिकवतो. पांढरी चादर, मग काळी घोंगडी, दोन्ही एकाच उजेडात, फ्रेम भरून. सपाट कापडावर ऑटोफोकस अडकतो, तेव्हा फोकस मॅन्युअल करा. दोन्ही फोटो जवळपास सारखेच राखाडी येतील, कारण कॅमेऱ्याला समोर जे असेल ते मध्यम राखाडी वाटतं. आता चादरीला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ-गडद करायची सोय) +१ ते +१.७ आणि घोंगडीला −१ ते −१.५ देऊन पाहा. पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा काळवंडतात ते याचमुळे. झेंडूची गंमत वेगळी. हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, उजवी कड सगळ्यात उजळ) सगळं आलबेल दाखवतो आणि पाकळ्यांचा मात्र केशरी गोळा झालेला असतो. लाल, हिरवा, निळा असे वेगळे हिस्टोग्राम उघडा, लाल उजव्या कडेला आदळलेला दिसेल. −०.७ केलं की पाकळ्यांच्या कडा परत येतात.

आभाळाचं म्हणाल तर सूर्य पाठीशी घ्या, निळं येईल. ढगाळ दिवशी आभाळ खरोखरच पांढरं असतं, त्याला फ्रेमबाहेर ठेवा.

राहिली ५० मिमी. एफ १.८ म्हणजे किटच्या ५.६ पेक्षा जवळपास दहापट प्रकाश, हे खरं. पण तुमच्या कॅमेऱ्यातल्या छोट्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) तिला दृश्याचा थोडाच भाग दिसतो. १० बाय १२ च्या खोलीत भिंतीला पाठ लावून, कॅमेरा उभा धरून ३ मीटरवरून काढलंत तरी फ्रेममध्ये उंचीला १.४ मीटरच मावतं, म्हणजे उभ्या माणसाचे पाय कापले जातात. त्याच जागेवरून ३५ मिमीत २ मीटर मावतं. महिन्याभराचे फोटो लेन्सच्या आकड्यानुसार लावून पाहा. ढीग १८ ते ३५ मध्ये पडला असेल तर ३५ घ्या, ५५ ला टेकला असेल तर ५०.