राहुल हा राहुलचा कोण?

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. 'आमच्या कट्ट्यावर निम्मे क्रिकेटवाले आणि निम्मे सवाईला न चुकता जाणारे. चेष्टा चालते ती नावांवरून. १९९९ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध सचिन-राहुलने ३३१ धावांची भागी केली, तेव्हापासून गाणंवाले म्हणतात, बर्मन बापलेकांशिवाय एवढी मैफल रंगवणार कोण! परवा एकाने द्रविडला राहुलदेव बर्मन यांचा "नामधारी" म्हटलं आणि वाद पेटला. दुसरा म्हणाला, "नामसाधर्म्य" म्हण. बरोबर काय? आणि कुमार गंधर्व नि कुमार संगकारा ही जोडी यात बसते का?'

आधी तो 'नामधारी' हाकलून द्या. खेळाच्या बातम्यांत हा शब्द ऐकून कान किटले, आणि आता कार्यक्रमांचे निवेदकही तो उचलू लागलेत. शीख पंथातले नामधारी निराळे. मराठीत नामधारी अध्यक्ष म्हणजे सहीपुरता अध्यक्ष, ज्याच्या हातात काही नाही असा. म्हणजे द्रविडला नामधारी राहुल म्हणणं हा सरळ अपमान झाला.

'नामसाधर्म्य' हा शब्द चांगला आहे, पण तो गुणाचा आहे, माणसाचा नव्हे. दोघांत नामसाधर्म्य असतं, कुणी कुणाचं नामसाधर्म्य नसतो. 'ते माझे नामसाधर्म्य' हे 'ते माझे शेजारपण' म्हणण्यासारखं आहे.

माणसासाठी शब्द आहे सनाम. संस्कृतात तो 'सनामन्' असा येतो, आणि त्याचं जन्मस्थान पाहिलं की मन प्रसन्न होतं. पाणिनीच्या 'अष्टाध्यायी' या व्याकरणग्रंथात, सहाव्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात एक लांबलचक सूत्र आहे: 'ज्योतिर्जनपदरात्रिनाभिनामगोत्ररूपस्थानवर्णवयोवचनबन्धुषु'. या बारा शब्दांच्या आधी 'समान' आला तर त्याचा नुसता 'स' उरतो. लग्नाच्या जाहिरातीतला 'सगोत्र' इथलाच, 'सवर्ण'ही इथलाच. आता क्रम बघा: नाभि, नाम, गोत्र. सनाभि म्हणजे एका नाळेचे, रक्ताचे. सगोत्र म्हणजे एका कुळाचे. आणि या दोघांच्या बरोबर मध्ये सनाम, एका नावाचे! माझं ठाम मत आहे की हा क्रम आपोआप पडलेला नाही. नाव सारखं असणं हेही पाणिनीच्या लेखी एक नातं होतं, नाळेपेक्षा लांबचं आणि गोत्रापेक्षा जवळचं. यावर काही संस्कृतज्ञ म्हणतात, 'नाभि'पुढे 'नाम' हा केवळ उच्चाराच्या सोयीचा मामला. मला हे मुळीच पटत नाही. सूत्रात अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणारी ही व्याकरणकार मंडळी. तिथे बारा शब्दांचा क्रम जिभेच्या सोयीवर सोडला असेल? तसं असेल तर या विद्वानांनी उरलेल्या नऊ शब्दांची सोयही उलगडून दाखवावी.

दुसरा वाद 'हमनाम'चा. शुद्धिवाद्यांना हा शब्द हिंदीतून घुसलेला वाटतो, म्हणून त्यांचा त्याला विरोध. मुळात तो फारसी आहे, आणि फारसीतला 'हम' हा आपल्या 'सम'चा सख्खा भाऊ. संस्कृतात जिथे 'स' तिथे इराणी भाषांत 'ह', हे सप्त आणि हफ्त यांवरून कुणालाही कळेल. 'नाम' तर दोन्हीकडे नामच. म्हणजे 'हमनाम' आणि 'समनाम' अक्षरशः एकच. देवळात हरिनामाचा सप्ताह बसतो आणि बँकेत कर्जाचा हप्ता भरला जातो. दोन्ही शब्द सातावरूनच आले, दोन्ही मराठीत गुण्यागोविंदाने नांदतात. हप्ता चालतो तर हमनाम का चालू नये, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. बर्मन घराण्याच्या बंगालीत तर यासाठी घरगुती शब्द आहे, 'मिता'. मित्र आणि सनाम, दोन्ही अर्थ त्या एका शब्दात. नाव जुळलं की मैत्र जुळलंच, असं मानणारी भाषा मला फार आवडते.

कट्ट्यावर 'सनाम' जड वाटला तर 'नावबंधू' म्हणा. 'आडनावबंधू' रुळलाच आहे, आणि पाणिनीच्या यादीत शेवटचा शब्द 'बन्धु'च आहे.

आता तुमच्या जोड्या. द्रविड आणि धाकटे बर्मन सनाम, निव्वळ योगायोगाने. तेंडुलकर आणि थोरले बर्मन हेही सनाम, पण तिथे योगायोग नाही: रमेश तेंडुलकरांनी मुलाचं नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरूनच ठेवलं. गावसकरांनीही वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायवरून मुलाचं नाव रोहन ठेवलं. इथे नुसतं 'सनाम' म्हणून भागत नाही, 'नावावरून नाव' असं स्पष्ट सांगावं. (एकवचन सांभाळा. नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं.)

क्रिकेट आणि गाण्याची सगळ्यात सुरेख जोडी मात्र तुमच्याकडून राहूनच गेली, आणि तीही पुण्याची. १५ जानेवारी २०१७, गहुंजे. इंग्लंडचं ३५१ धावांचं आव्हान, आपले चार गडी ६३ धावांत तंबूत, आणि पुण्याच्या केदार जाधवने ७६ चेंडूंत १२० काढल्या. केव्हा? दिवे लागल्यावर. केदार हा रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा राग! त्या संध्याकाळी दोन्ही केदार आपापल्या वेळेवर होते. माणूस आणि राग हेही खुशाल सनाम म्हणा, व्याकरणाची काही हरकत नाही.

एक पथ्य पाळा, अर्जातल्या 'पहिल्या नावा'च्या रकान्यावर जाऊ नका. विश्वनाथन आनंदचं स्वतःचं नाव आनंद, विश्वनाथन हे वडिलांचं. म्हणजे तो गायक आनंद भाटे यांचा सनाम. लोकेश राहुलचंही स्वतःचं नाव शेवटीच येतं, तेव्हा त्याला राहुलांच्या पंगतीत घ्या.

कुमारांचं म्हणाल तर ती जोडी बाद. संगकाराचं 'कुमार' हे नाव आहे. 'कुमार गंधर्व' ही पदवी, आणि नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. गाणंवाल्यांनी बदली म्हणून कुमार सानू पुढे केला तर तोही घेऊ नका. त्याचं मूळ नाव केदारनाथ भट्टाचार्य, त्याला जाधवांच्या शेजारी बसवा.