आधी वजन की आधी ऑपरेशन? गुडघ्याच्या गादीबद्दल सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर ३८ वर्षांचे, उंची १६८ सेंटिमीटर, वजन १०४ किलो, कापडाचं दुकान. एमआरआयमध्ये उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला, मांडीच्या हाडावरची गादी दोन चौरस सेंटिमीटर भागात थेट हाडापर्यंत गेलेली. परभणीचे डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून लगेच करून टाकू. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ‘दहा किलो कमी करून या’ म्हणून परत पाठवलं आणि ते मिस्टरांच्या मनाला लागलं.

मी लातूरला १९ वर्षं फिजिओथेरपी करते. ऑपरेशन सर्जन करतात, पण त्यानंतरचे सहा-आठ महिने पेशंट माझ्यासमोर असतो. तेवढ्या अनुभवावर सांगते: संभाजीनगरच्या डॉक्टरांचं ऐका. त्यांनी ऑपरेशन नाकारलेलं नाही. वजन कमी करणं हा त्या ऑपरेशनचाच पहिला भाग आहे.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे ‘गादी’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. दोन हाडांच्या मधे चंद्रकोरीसारखी असते ती मेनिस्कस, तिलाही गादी म्हणतात. आणि हाडाच्या टोकावर जो पांढरा गुळगुळीत थर असतो ती कूर्चा, तिलाही गादीच म्हणतात. शेजारच्यांची गादी शिवली आणि ते महिन्याभरात मोटारसायकल चालवायला लागले, असं तुम्ही लिहिलंय. ती बहुधा मेनिस्कस असणार. मिस्टरांचा प्रश्न कूर्चेचा आहे. दोन्हींची तुलना करू नका.

कूर्चेचा हा थर बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाड असतो आणि त्यात रक्तवाहिनी नसते. म्हणून ती कातडीसारखी आपोआप भरून येत नाही. मिस्टरांना सुचवलेली पद्धत मायक्रोफ्रॅक्चरची दिसते. तिच्यात उघड्या पडलेल्या हाडाला तीन-चार मिलिमीटर अंतरावर बारीक भोकं पाडतात, आतल्या मज्जेतलं रक्त वर येऊन साकळतं आणि त्या साकळलेल्या थरातून हळूहळू नवी कूर्चा तयार होते. अमेरिकेत १९८० च्या दशकात ही पद्धत सुरू झाली. पण ही नवी कूर्चा मूळच्यासारखी नसते, जास्त तंतुमय आणि कमी टिकाऊ असते. दुसरी पद्धत पेशंटच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून खड्ड्यात बसवण्याची. स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ साली तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती महाग आहे आणि बहुतेक वेळा दोन टप्प्यांत करावी लागते. पद्धत कुठलीही असो, नवा थर सुरुवातीला साईसारखा मऊ असतो. भिंतीला ताजा गिलावा केल्यावर आपण तिला खेटून पोती लावत नाही ना, तसंच समजा.

आता वजनाचं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं, की शरीराचं एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. दहा किलो म्हणजे पावलागणिक चाळीस किलो! दुकानात दिवसभर किती पावलं पडतात ते तुम्हीच मोजा. शिवाय चरबीतून सूज वाढवणारे घटक रक्तात जातात आणि त्याचाही कूर्चेला त्रास होतो. म्हणूनच बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ३० च्या वर गेला की मायक्रोफ्रॅक्चरचा फायदा कमी मिळतो असं आढळलंय, आणि ३५ च्या वर बरेच सर्जन कूर्चेचं ऑपरेशन टाळतात. मिस्टरांचा बीएमआय जवळजवळ ३७ आहे. ९८ किलोवर आले की तो ३५ च्या खाली येईल, ८४ वर आले की ३० च्या खाली. दहा किलोंचा आकडा डॉक्टरांनी उगीच सांगितलेला नाही.

पण मला जास्त काळजी वाटते ती ऑपरेशननंतरच्या सहा आठवड्यांची. त्या जागी मायक्रोफ्रॅक्चर झालं की साधारण सहा आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नसतो. मग १०४ किलो कुठे जाणार? दोन मनगटांवर आणि दुसऱ्या गुडघ्यावर. उदगीरकडचे एक गृहस्थ माझ्याकडे होते, ११२ किलो. ऑपरेशन छान झालेलं. आठव्या दिवशी आले तेव्हा वॉकरच्या मुठी धरून दोन्ही तळहातांना फोड आले होते, त्यावर त्यांनी रुमाल गुंडाळले होते. पंधराव्या दिवशी रात्री बाथरूमला जायला उठले, वॉकर भिंतीपाशी राहिला, दोनच पावलं आहेत म्हणून पाय टेकवला. सकाळी गुडघा टम्म फुगलेला. वर्षभरानं दुखणं परत पहिल्यासारखं झालं. त्यांना मी आजही दोष देत नाही. एवढं वजन हातांवर पेलणं सोपं नाही, आम्हीच त्यांची आधी तयारी करून घ्यायला हवी होती.

म्हणून वजन उतरवण्यात जाणारे हे चार-पाच महिने वाया गेले असं मिस्टरांना वाटू देऊ नका. ‘रोज पाच किलोमीटर चाला’ हा सल्ला त्यांच्यासाठी नाही, त्यानं गुडघा आणखी दुखेल. उंच सीटची व्यायामाची सायकल, कमी ताणावर, दहा मिनिटांपासून सुरू करा. सोबत मांडीचा व्यायाम: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती खाली अंथरुणात दाबून पाच आकडे धरून ठेवायचं. गुडघ्याच्या वर आतल्या बाजूचा स्नायू टणक होतोय का, हे तुम्ही बोट लावून पाहा. तो टणक होत नसेल तर व्यायाम नुसता नावाला चाललाय. वॉकरवर एका पायानं चालायचा सरावही ऑपरेशनच्या आधीच करून घ्या.

खाण्यात ज्वारीची भाकरी बंद करू नका, तिच्यावर उगाच सगळे तुटून पडतात. आधी दुकानातला चहा मोजा. गिऱ्हाइकाबरोबर एक, व्यापाऱ्याबरोबर एक असे सात कप होत असतील आणि कपात दोन चमचे साखर असेल, तर दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. मग संध्याकाळची भजी आणि फरसाण. ताटात वरण, मटकी, दही, अंडी वाढवा, कारण स्नायू टिकायला प्रथिनं लागतात. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुरे. वजनाच्या इंजेक्शनचं तुम्ही विचारलंय. त्यातल्याच सेमाग्लुटाइड या औषधावर २०२४ साली आलेल्या अभ्यासात, लठ्ठपणा आणि गुडघ्याची झीज असलेल्यांचं वजन घटलं आणि दुखणंही कमी झालं. पण ते फिजिशियनला विचारूनच, मेडिकलवरून परस्पर नको. त्याच फेरीत शुगर आणि थायरॉइड तपासा. झोपेत जोरात घोरत असतील, मधेच श्वास अडकत असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचं.

मात्र गुडघा अचानक अडकून सरळच होत नसेल, किंवा नुकत्याच झालेल्या मारानं कूर्चेचा तुकडा सुटून आत फिरत असेल, तर वजनासाठी थांबायचं नाही, लगेच सर्जनना दाखवायचं.

आणखी एक, तुम्ही पाठवलेला एक्स-रे झोपवून काढलेला आहे. उभं राहून, मांडीपासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा एक्स-रे काढून घ्या. पाय बाहेर धनुष्यासारखे वाकलेले असतील तर सगळा भार आतल्या बाजूलाच पडत राहतो. मग नुसती कूर्चा भरून भागत नाही, नडगीच्या हाडाची दिशाही बदलावी लागते. आणि झीज एका खड्ड्यापुरती नसून सगळ्या गुडघ्यात असेल तर हे ऑपरेशनच त्यांच्यासाठी नाही.

गावच्या घरी संडास भारतीय पद्धतीचा आहे असं लिहिलंय. ऑपरेशनच्या आधी कमोडची खुर्ची आणून ठेवा, आणि रात्री वॉकर पलंगाला टेकूनच, हात घातला की लागेल असा ठेवा. उभ्यानं काढलेला एक्स-रे झाला की रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते इथे टाका, त्यावरून पुढचे व्यायाम सांगते.