लुगडं उतरवल्यावर काय वाटतं?

पत्र: खानापूर तालुक्यातून, वय 21. गणपतीत नऊवारी नेसून लावणी करते, शिट्ट्या पडतात, आणि खाली उतरले की तीच पोरं घाण बोलतात. आतून मी मुलगीच आहे असं वाटतं. बाबा म्हणतात केस काप, काकू म्हणते सौंदत्तीला जाऊन देवीची माळ घाल. मी अशीच आहे, का नाचून नाचून असं झालंय?

अगं, पत्रात तू मुलगी म्हणून लिहिलंयस तर मीपण अगंच म्हणणार. नाचून कोण बदलत नाही, ते आधी डोक्यातनं काढ. बालगंधर्व वर्षानुवर्षं शालू नेसून स्टेजवर उभे राहिले आणि घरी नारायणराव राजहंसच होते. तिकडं बळ्ळारीकडच्या, मुलगा म्हणून जन्मलेल्या लोकनर्तकी मंजम्मा जोगतींना साडी उतरवायचीच नव्हती, 2019 ला त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि 2021 ला पद्मश्री घेताना राष्ट्रपतींची पदरानं दृष्ट काढली, टीव्हीवर बघितलं असशील. म्हणजे शिट्ट्यांवरनं तुझं उत्तर कळणार नाही. मेकअप पुसताना नुसतं दमल्यासारखं वाटतं, का परत कोणीतरी आत कोंडतंय असं? आणि नाच नसतो तेव्हा, भातलावणीच्या चिखलात उभी असताना स्वतःला काय म्हणून बघतेस? सुचेल तसं लिहून ठेव, घाई कसली.

काकू वाईट मनानं बोलली नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जोगप्पांना, म्हणजे पुरुष म्हणून जन्मून देवीच्या नावानं साडी नेसणाऱ्यांना, पिढ्यान्‌पिढ्या जागा आहे, चौंडकं वाजतं, डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा लावलेली टोपली, घेऊन नाचतात, तिथं तुला कोण हसणार नाही हे खरंच. पण माळ घातली की जन्माची बांधिलकी, जोगवा मागणं आलं, बाबांच्या रागातनं सुटायचं म्हणून ती घालू नकोस बाई. दर्शनाला जा की, त्याला माळ कशाला लागते!

आणि एक, मोबाईलवर बघून मेडिकलमधनं हार्मोनच्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, रक्तात गुठळ्या होऊ शकतात. आधी बेळगावात सिव्हिलला मानसोपचार विभागात जा, नाहीतर मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 ला फोन लाव, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आपण बाई का पुरुष का तृतीयपंथी हे ज्यानं त्यानं ठरवायचं असं सुप्रीम कोर्टानं 2014 लाच सांगितलंय, पण हे बाबांना आत्ताच ऐकवायला जाऊ नकोस, घरातनं काढलं तर राहणार कुठं? आधी आईला सांग, मला वाटतं तिला थोडं कळलेलं असणारच.

त्या पोरांचं म्हणशील तर यंदा मंडळानं बोलावलं की अट घाल, कपडे बदलायला कडी लागणारी खोली, रात्री घरापर्यंत गाडी, आणि पैसे नाचायच्या आधी हातात. नाही म्हणाले तर दुसरं मंडळ बघ.