फिजिओथेरपिस्ट मुलीनं स्वतःची जाहिरात करावी का?

'माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. मिरजेच्या एका हॉस्पिटलात दोन वर्षं नोकरी करून सात महिन्यांपूर्वी तिनं सांगलीत विश्रामबागला स्वतःचं क्लिनिक सुरू केलं. दिवसाला तीन-चार पेशंट येतात. भाडं आणि मशिनचा हप्ता जेमतेम निघतो. एक एजन्सी महिन्याला चौदा हजार मागते, करार सहा महिन्यांचा. रील आणि पोस्ट करून देणार, फॉलोअर्स वाढवून देणार. तिचे पप्पा म्हणतात, या पेशात जाहिरात शोभत नाही, त्यापेक्षा पुण्यात नोकरी धर. मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहायलाच लाजते. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, अजून सहा महिने तिला आधार देऊ शकतो. काय करावं?'

– एक आई, तासगाव तालुका

ताई, नमस्कार.

तुम्हाला सर्वांत आधी ऐकायचं असेल ते सांगतो. सातव्या महिन्यात भाडं आणि हप्ता क्लिनिकच्या कमाईतून निघत असेल, तर मुलीचं बस्तान बसायला सुरुवात झाली आहे. आत्ता गाशा गुंडाळून पुण्याला जायचं काहीच कारण नाही. आणि एजन्सीच्या करारावर सही करू नका. चौदा हजार जास्त आहेत म्हणून हे सांगत नाही. एजन्सी जे विकतेय त्याची तुमच्या मुलीला गरज नाही, म्हणून सांगतो.

पत्रासोबत तुम्ही जोडलेलं कोटेशन वाचलं. महिन्याला बारा पोस्ट आणि चार रील. पोस्टच्या यादीत सणांच्या शुभेच्छा, 'जागतिक अमुक दिन', सुविचार. दिवाळीचा दिवा, शेजारी मुलीचा फोटो, खाली फोन नंबर. ती पोस्ट बघून गुडघा दुखणारा माणूस तिच्याकडे का येईल? फॉलोअर्सचंही तसंच. रील इंदूरला आणि लखनौला लाखभर लोकांनी पाहिली, तरी त्यातलं कुणी विश्रामबागेत ट्रीटमेंटला येणार नाही. फिजिओथेरपीला पेशंटला दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस रोज यावं लागतं. त्यामुळे तिचे पेशंट कुपवाड, माधवनगर, बुधगाव, मिरज, फार तर तासगाव आणि कवठेमहांकाळ एवढ्या टापूतलेच असणार. या टापूतल्या दुखणाऱ्या माणसाला तिचं नाव ऐनवेळी आठवलं पाहिजे. तिच्या मार्केटिंगचं काम एवढंच आहे आणि ते ती स्वतः करू शकते.

आता तिच्या पप्पांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत जाहिरात करून रुग्ण मिळवायला मनाई आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, अशी औपचारिक सूचना तेवढी देता येते. पप्पांच्या मनात तीच परंपरा आहे आणि ती चांगली परंपरा आहे. फिजिओथेरपिस्टची नोंदणी मात्र डॉक्टरांच्या परिषदेकडे नसते. महाराष्ट्रात त्यासाठी व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे. मुलीनं या परिषदेचे आचारनियम एकदा काढून नीट वाचावेत आणि पाटीवर, लेटरहेडवर, इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये आपला नोंदणी क्रमांक लिहावा. आरोग्याविषयी समाजमाध्यमांवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञानं आपली पात्रता उघड सांगावी, अशी केंद्र सरकारची ऑगस्ट २०२३ ची मार्गदर्शक सूचनाही आहे.

एक लक्ष्मणरेषा मात्र कधीच ओलांडू नये. 'शंभर टक्के गुण', 'ऑपरेशनशिवाय मणक्याचा त्रास कायमचा बंद', 'सात दिवसांत फरक' अशी वाक्यं एजन्सीवाले सर्रास टाकतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला गुण आला नाही तो माणूस तेच वाक्य घेऊन गावभर बोलत फिरतो.

पण लोकांच्या उपयोगाची माहिती देणं आणि जाहिरातबाजी यांत फरक आहे, हे पप्पांना पटवण्यासाठी तुमच्या शेजारचंच उदाहरण आहे. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लोखंडी नांगर बनवणारा कारखाना उभारला. लोखंडी नांगरानं जमीन बिघडते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. त्या कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबर द्यायला निघालेलं ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' नावाचं, घरोघरी वाचलं जाणारं मासिक झालं. आज ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणून क्लास लावतात, ते आजच्या पलूस तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी मराठीतून चालू होतं आणि त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. आधी माणसाच्या उपयोगाचं द्यायचं, मग आपलं नाव सांगायचं. तुमच्या मुलीनंही याच क्रमानं जावं.

तिच्याकडे उपयोगाचं काय आहे? पुण्या-मुंबईच्या फिजिओथेरपिस्टकडे नाही असं एक भांडवल तिच्याकडे आहे. ती द्राक्षाच्या घरात वाढली आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर महिना-दीड महिन्यानं थिनिंग, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, सुरू झालं की तुमच्या बागेत बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात वर करून, मान मागे टाकून, हातात कात्री घेऊन उभ्या असतात. डिसेंबरात त्यांचे खांदे भरून येतात, मान आखडते, रात्री बोटांना मुंग्या येतात. त्या बाम चोळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडवाखाली जातात. याविषयी त्यांच्या भाषेत कुणी काही सांगितलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तिनं तुमच्याच बागेत उभं राहून चाळीस सेकंदांचा व्हिडिओ करावा. घड उंचावर असेल तर पायाखाली पक्कं, न डगमगणारं काहीतरी घ्या, म्हणजे घड तोंडासमोर येईल आणि कोपर खांद्याच्या वर जाणार नाही. अर्ध्या तासानं हात खाली सोडा, खांदे मागे घेऊन पाठीची पाती जवळ आणा, पाच मोजा, सोडा. कात्रीचा हात अधूनमधून बदला. बोटांच्या मुंग्या रात्री झोपमोड करायला लागल्या किंवा हातातून वस्तू सुटायला लागली, तर बाम चोळत बसू नका, दाखवून घ्या. झालं. शेवटी तिचं नाव, नोंदणी क्रमांक, विश्रामबागचा पत्ता. संगीत नको, नाच नको. या व्हिडिओत तिचा चेहरा दिसला नाही, नुसता आवाज आणि काम करणाऱ्या बाईचे हात दिसले तरी चालेल. लाजरी मुलगी स्वतःविषयी बोलायला लाजते. खांद्याविषयी बोलताना ती लाजणार नाही, कारण तो विषय तिच्या हातातला आहे. साडेचार वर्षं तिनं तेच शिकून घेतलं आहे.

हाच धागा वर्षभर पुरतो. मार्केट यार्डातला हमाल हळदीचं पोतं पाठीवर घेतो, त्याची कंबर. तालमीतल्या पोरांचे गुडघे आणि खांदे. ऊसतोडीला वाकून वाकून धरलेली पाठ. कुपवाड एमआयडीसीत आठ तास मशिनपुढे उभ्या राहणाऱ्यांच्या टाचा. परीक्षेच्या दिवसांत मान खाली घालून बसलेली मुलं. महिन्याला दोन व्हिडिओ पुष्कळ झाले, पण हंगामाच्या आठवडाभर आधी यायला हवेत. थिनिंगचा व्हिडिओ फेब्रुवारीत टाकून उपयोग नाही. आणि हे व्हिडिओ इन्स्टाग्रामपेक्षा व्हॉट्सॲपवर जास्त फिरतील. तुमच्या बचत गटाच्या ग्रुपवर, बागायतदारांच्या ग्रुपवर पहिला तुम्हीच टाका. क्लिनिकसाठी व्हॉट्सॲप बिझनेस वेगळ्या नंबरवर घ्यावं, ते फुकट आहे. ब्रॉडकास्टनं, म्हणजे एकदम अनेकांना, पाठवलेला मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून प्रत्येक पेशंटला जाताना नंबर सेव्ह करायला सांगावं.

पेशंटचे व्हिडिओ टाकण्याबाबत मात्र मी फार कडक आहे. लेखी संमतीशिवाय कुणाचाही चेहरा, रिपोर्ट, एक्स-रे टाकायचा नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तो आहेच. पण आपल्याकडे एखाद्या मुलीची पाठ दुखत असल्याचा व्हिडिओ सकाळी आला तर संध्याकाळपर्यंत भावकीत चर्चा होते आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही तो दाखवला जातो. उपचार घेणाऱ्या माणसानं 'हो मॅडम, टाका' असं म्हटलं तरी ते बऱ्याचदा भिडेपोटी असतं. न टाकलेलंच बरं.

याच आठवड्यात करायचं काम म्हणजे गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी क्लिनिकची नोंद. तेही मोफत. 'जवळचं फिजिओथेरपी क्लिनिक' असं कुणी शोधलं की गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नाही. पण व्यवसायाचा वर्ग (कॅटेगरी) अचूक निवडणं, वेळा खऱ्या लिहिणं, पायऱ्या किती आहेत, रॅम्प आहे का, गाडी कुठे लावायची याचे स्वच्छ फोटो टाकणं हातात आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूला घेऊन येणारी सून आधी पायऱ्या बघते. नावात 'सांगलीतील बेस्ट' वगैरे घुसडू नये, गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. बरं वाटलेल्या पेशंटला अभिप्राय लिहायची विनंती जरूर करावी, पण त्या बदल्यात सूट देऊ नये, त्यालाही मनाई आहे.

प्रोफाइल, पेज, ईमेल ही सगळी खाती मुलीच्या स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या फोन नंबरवर उघडा. पुढे कधी कुणाची मदत घेतलीच, तर त्याला व्यवस्थापक म्हणून जोडा, मालकी देऊ नका. एजन्सीच्या ईमेलवर काढलेली पेजेस करार संपल्यावर परत मिळवताना तरुण मुलांना किती धावपळ करावी लागते, ते मी पुन्हा पुन्हा पाहतो.

आता डॉक्टरांविषयी. मिरजेला सांगली-कोल्हापूरचेच नव्हे, कर्नाटकातलेही पेशंट ऑपरेशनला येतात. सांधा बदललेला, हाड जोडलेला माणूस घरी परततो आणि पुढचे दोन-तीन महिने त्याला फिजिओथेरपी लागते. मुलीनं दोन वर्षं मिरजेत काम केलंय, म्हणजे काही सर्जन तिला नावानं ओळखत असतील. त्यांना शुभेच्छापत्रं पाठवू नयेत. त्यांचा पेशंट आला की दोन आठवड्यांनी एक पान पाठवावं: गुडघा आला तेव्हा किती अंशांत वाकत होता, आता किती वाकतो, काठीशिवाय किती चालतो, काळजीचं काही आहे का. सर्जनला पेशंटचं पुढे काय झालं हे बहुतेक वेळा कळतच नाही. जी फिजिओथेरपिस्ट ते कळवते, तिचं नाव पुढच्या चिठ्ठीवर आपोआप येतं. कुणी पेशंटमागे टक्केवारी मागितली तर हात जोडून नाही म्हणावं. तो पैसा शेवटी पेशंटच्या खिशातून जातो आणि एकदा ही वाट धरली की सुटत नाही.

क्लिनिकचं नाव बदलण्याचं एजन्सीनं सुचवलंय, चकचकीत इंग्रजी नाव. नको. तिच्या स्वतःच्या नावानं चालू द्या. तुम्ही पत्रात आडून विचारलंय, उद्या लग्न झालं, आडनाव बदललं तर? व्यवसायात परिषदेकडे नोंदवलेलं नाव तसंच ठेवायचं. सासर कुठलंही असो, कमावलेलं नाव तिचं आहे. मुलगा बघताना ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगा.

लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-व्यवसायाच्या ओळखींच्या साइटवर, एक नीटनेटकं पान असू दे, पुढे शिकवायला किंवा खेळाडूंच्या संघाबरोबर काम करायला जायचं झालं तर उपयोगी पडेल. त्यात याहून जास्त वेळ घालवू नये.

सहा महिने आधार देऊ म्हणता, ते पुरेसे आहेत. रिसेप्शनच्या वहीत एक रकाना वाढवा: 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' डॉक्टरांची चिठ्ठी, शेजारीण, गूगल, व्हिडिओ, पाटी. दर महिन्याला तो रकाना मोजा आणि जिथून माणसं येतात तिथे वेळ वाढवा. ऑक्टोबर छाटणीपासून एक द्राक्ष हंगाम असा जाऊ द्या. तोवरही पेशंट वाढले नाहीत, तर सकाळी एखाद्या हॉस्पिटलात अर्धवेळ आणि संध्याकाळी क्लिनिक असा मार्ग सांगलीतच निघतो, पुणं तेव्हाही लागणार नाही. एजन्सीला द्यायच्या पैशातून पेशंटसाठी एक चांगली, उंची कमी-जास्त होणारी ट्रीटमेंट कॉट घेता येते का बघा. मोबाइलला लावायचा साधा माइक मात्र नक्की घ्या. बागेत वारा असतो, आवाज फाटतो.

राहिली कोटेशनमधली शेवटची ओळ, 'पहिली तपासणी मोफत, पॅकेजवर ५० टक्के सूट'. पहिल्या भेटीत ती पाऊण तास बसून दुखण्याचं मूळ शोधते. तिच्या कामातला सर्वांत कौशल्याचा भाग तोच आहे, तो फुकट देऊ नये. फी पाटीवर स्पष्ट लिहावी, सगळ्यांना सारखी. ज्याला खरोखर परवडत नाही त्याच्याकडून कमी घ्यावी, पण ते त्याच्या कानात सांगावं, पोस्टमध्ये लिहू नये.