जे, क्यू, एक्स, झेड असलेले लांब इंग्रजी शब्द मोबाईलशिवाय कसे शोधायचे?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या शाळेत खेळ आहे, चिठ्ठीत दोन अक्षरं निघतात आणि ती दोन्ही असलेला जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द मिनिटभरात सांगायचा, मोबाईल चालत नाही, आणि ही चार अक्षरं आली की तुमची दांडी गुल. माझा नाशिकरोडला बिटकोजवळ टायपिंगचा क्लास आहे, त्यामुळे हे माझं रोजचंच दुखणं. एएसडीएफजीएफ हा टायपिंगचा पहिला धडा झाला की पोरांच्या डाव्या करंगळीला क्यू आणि झेडची सवय लावायची असते, आणि त्यासाठी मला असे शब्द लागतात. बाजारातल्या पुस्तकात सगळी अक्षरं येणारं तेच ते वाक्य, द क्विक ब्राऊन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग, त्यातही निम्म्या ठिकाणी जम्प्सचं जम्प्ड छापलेलं असतं, म्हणजे एस गायब आणि सव्वीस अक्षरं पूर्ण होतच नाहीत. असो.

पहिली गोष्ट, आपण मराठी माणसं इथे कानाने शोधतो आणि तिथेच फसतो. आपल्याकडे जे ऐकू येतं तेच लिहितात, म्हणून झेड म्हटलं की डोकं 'झ' ऐकू येणारे शब्द काढतं. बिझनेस! अहो त्यात झेड नाही, एस आहे. आणि ज्यात झेड आहे तो पिझ्झा मूळ उच्चारात 'ट्स' असा येतो, क्वार्ट्झचं पण तसंच. क्यू तर नंबर एकचा लबाड, युनिक, टेक्निक, पिक्चरेस्क या सगळ्यात तो नुसता 'क' म्हणून बसलेला असतो. एक्स कधी 'क्स', कधी 'ग्झ' (एक्झाम बघा), आणि झायलोफोनमध्ये चक्क 'झ'. म्हणून मुलीला सांगा, शब्द ऐकू नको, डोळ्यासमोर लिहिलेला बघ. माझ्या क्लासात पोरं हवेत बोटं चालवतात, कीबोर्ड नसताना सुद्धा, आणि खरंच त्याने स्पेलिंग आठवतं.

दुसरं म्हणजे दोन अक्षरांपैकी जे जास्त दुर्मिळ तेच आधी धरायचं. कुठलं दुर्मिळ हे स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळाच्या अक्षरांच्या सोंगट्यांवरून कळतं, तो खेळ काढणाऱ्या अल्फ्रेड बट्सने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून ते ठरवलं होतं. १०० सोंगट्यांत ई १२, आणि क्यू, झेड, जे, एक्स प्रत्येकी एकच, क्यू-झेडला १० मार्क आणि जे-एक्सला ८. (गंमत म्हणजे जे हा उजव्या तर्जनीखाली, म्हणजे सगळ्यात दणकट बोटाखाली बसलाय आणि काम जवळजवळ नाही, आणि ए बिचारा दिवसभर करंगळीवर.)

आता या दुर्मिळ अक्षरांची घराणी पाठ करायची, शब्द नाही पाठ करायचे. जे चं मोठं घराणं 'जेक्ट', प्रोजेक्ट, सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, रिजेक्ट, इंजेक्ट. क्यूची तीन, एक इक्वल, दुसरं रिक्वायर-अक्वायर, तिसरं 'क्वेन्स'वालं, सीक्वेन्स, कॉन्सिक्वेन्स, एलोक्वेन्स. एक्सच्या आधी ई लावून सुरू होणारे ढीगभर आणि शिवाय फ्लेक्स. झेडला शेवटी 'आइझ'. घराणं सापडलं की मागे डबे जोडत जायचं, अगदी स्टेशनवर गाडीला जोडतात तसं. ऑब्जेक्टला शन लावला ऑब्जेक्शन, त्याला एबल लावला की ऑब्जेक्शनेबल, झाली १३ अक्षरं. फ्लेक्सचं इनफ्लेक्सिबिलिटी, ती पण १३. क्रिस्टलचं क्रिस्टलायझेशन करा, १५ भरतात आणि वाय-झेड दोन्ही आत. नवीन शब्द आठवायचा नाही, छोटा शब्द धरून लांबवायचा एवढंच, मिनिटभरात हेच जमतं.

तुमच्या चार अक्षरांच्या जोड्या एकूण सहाच होतात, म्हणून सरळ देऊनच टाकतो. जे-एक्स आलं तर जक्स्टापोझिशन, १३ अक्षरं, डोळे झाकून. क्यू-एक्सला एक्स्क्विझिटनेस, तो पण १३. एक्स-झेडला एक्स्ट्राव्हगान्झा १२. क्यू-झेडला इक्वलायझेशन १२, शिवाय त्यात पाचही स्वर येतात, म्हणजे दुसऱ्या खेळात पण कामाचा. जे-झेडला जेपर्डायझिंग १२. पण थांबा, या शेवटच्या दोघांत एक खड्डा आहे, आपल्याकडच्या शाळांत ब्रिटिश पद्धतीने तिथे झेडऐवजी एस शिकवतात. ऑक्सफर्डची डिक्शनरी स्वतः झेड वापरते हे खरं, पण ते वर्गात टीचरना पटवत बसायला मिनिट पुरणार नाही, तेव्हा आधीच विचारून ठेवा. नाही चाललं तर क्विझिकली ११ आणि जॅझिनेस ९, त्यांना कोणी हात लावू शकत नाही.

घरी तयारी करायची तर एनेबल नावाची शब्दयादी नेटवर फुकट मिळते, साधारण पावणेदोन लाख शब्द आहेत. एक्सेलमध्ये टाका, शेजारच्या रकान्यात अक्षरांची संख्या काढायचा फॉर्म्युला लावा, कस्टम फिल्टरमध्ये 'कंटेन्स' दोनदा द्या, मध्ये 'अँड' ठेवा आणि लांबीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. पाच मिनिटांचं काम. फक्त ती यादी तशीच मुलीला देऊ नका, मी एकदा न वाचता अशीच प्रिंट काढून वाटली आणि मग मागच्या बाकावरून खुसखुस सुरू झाल्यावर कळलं की यादीत काय काय असतं.

आता राहिली सहावी जोडी, जे-क्यू. ही मी क्लासात फळ्यावर लिहून म्हटलं होतं की असा शब्दच नाही, कोणी आणला तर सगळ्यांना चहा माझ्याकडून. येवल्याची एक मुलगी होती, घरी पैठणीचा माग, ती उठून म्हणाली सर जेकार्ड, मागावर असतं ते. मी म्हटलं अगं त्यात के असेल किंवा सी. तिने खडू घेतला आणि लिहिलं, जे-ए-सी-क्यू-यू-ए-आर-डी. घरच्या मशिनवरच्या पाटीवर रोज बघायची म्हणे. म्हणजे कानाने मीच फसलो, क्यू 'क' होऊन बसलेला. बावीस चहा गेले.

तो ८ अक्षरांचा. नंतर दोन-तीन महिन्यांनी मला ९ चा सापडला, जेक्विरिटी, म्हणजे आपली गुंज हो, लाल बी आणि वर काळा ठिपका, सोनार पूर्वी तोलायला वापरायचे ती. तोवर ती मुलगी परीक्षा देऊन पास होऊन गेली होती.